पेंढ्यात भाजी लावा, वैरणीत नको

पुण्याच्या खडकीत राहणाऱ्या बऱ्याच जणांना खणायला जमीनच नाही. कुणी फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये, कुणी रेंजहिल्सला, कुणी बाजारातल्या जुन्या चाळीत, कुणी बोपोडीच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत. अंगण असलंच तर फरशीचं, नाहीतर वर बोटभर माती आणि खाली मुरूम. त्यात बदलीची नोकरी. क्वार्टर जशी मिळाली तशीच परत द्यायची, आणि भाड्याच्या घरात तर कुदळ मारायची सोयच नाही. अशा घरांना ‘परसबाग करा’ असं सांगून काही उपयोग नसतो.

पण ऊन असेल, बादलीभर पाणी असेल आणि तीन-चार महिने थांबायची तयारी असेल, तर माती न आणता भाजी निघते. पेंढ्याचा गठ्ठा घट्ट बांधायचा, तो आतून कुजायला लावायचा आणि त्यातच टोमॅटो, मिरची, वांगी लावायची. गठ्ठा हीच कुंडी आणि गठ्ठा हेच खत. ही पद्धत अमेरिकेत मिनेसोटाच्या जोएल कार्स्टन यांनी लोकप्रिय केली. तिकडे गव्हाचं काड यंत्रानं दाबून बांधलेले चौकोनी गठ्ठे सहज मिळतात, आणि मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ पाहून आपल्याकडेही पुष्कळांना हौस येते. माझं म्हणणं एवढंच, की पद्धत तिकडची घ्या, पण माल इथला घ्या. आणि इथला म्हणजे गुरांच्या पुढ्यातला नव्हे.

हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण व्हिडिओत ते कुणी सांगत नाही. आपल्याकडे कडबा म्हणजे वैरण. मावळात भाताचा पेंढासुद्धा वैरणच. उडवी रचून तो उन्हाळ्यासाठी राखलेला असतो. २०१९च्या उन्हाळ्यात बीड, नगर, सोलापूरकडे चारा छावण्या उघडाव्या लागल्या, बायकामाणसं जनावरांसह छावणीत राहिली. ज्या राज्यात गुरांना चारा पुरत नाही तिथे खडकीच्या गच्चीवर चार टोमॅटोंसाठी चांगली वैरण कुजवणं मला पटत नाही. शेतकरी पैसे घेऊन देईलही, पण तो भाव शेवटी शेजारच्या गोठ्यालाही द्यावा लागतो.

मग काय वापरायचं? जे जनावर खात नाही आणि माणूस जाळून टाकतो ते. ते पुष्कळ आहे.

पहिला मान उसाच्या पाचटाचा. एका हेक्टरमधून साधारण आठ ते दहा टन पाचट निघतं आणि तोडणीनंतर ते पेटवून द्यायची सवय अजून गेलेली नाही. पुण्याच्या पूर्वेला, दौंड-शिरूरकडे, तोडणीच्या हंगामात एखादी बैलगाडी भरून मागितली तर शेतकरी नाही म्हणणार नाही. पातं करवती असतं, हातमोजे घाला. दुसरा भाताचा पेंढा, पण पावसात भिजून काळा पडलेला, गुरांनी नाकारलेला. तिसरा आंब्याच्या पेट्यांतला. मे महिन्यात मार्केट यार्डात आणि फळवाल्यांच्या मागच्या बाजूला हा पेंढा पायाखाली तुडवला जातो आणि मग कचऱ्यात जातो. (तो झटकून घ्या. बंदी असूनही कार्बाइडच्या पुड्या अधूनमधून निघतात.) चौथा, अळिंबी घेऊन झाल्यावर उरलेला. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचं प्रशिक्षण मिळतं. पेंढ्याचे तुकडे करून, भिजवून, गरम पाण्यानं निर्जंतुक करून त्यावर धिंगरी घेतात, हे पुण्यात अनेक घरांना ठाऊक आहे. धिंगरीची बुरशी पेंढा अर्धामुर्धा पचवून ठेवते, त्यामुळे तो भाजीला लवकर तयार होतो. अशा कुणाशी ओळख असेल तर त्याच्या रिकाम्या पिशव्या आजच सांगून ठेवा.

पाचवी वस्तू रसवंतीवरची चिपाडं. ही वापरून भाजी काढणारे मुंबईत फार पूर्वीच होऊन गेले. वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर पिंपांत आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत उसाचा चोथा भरून फळं-भाजी पिकवली आणि लोकांना शिकवली. त्यांच्या आसपासच्याच काळात कोल्हापूरकडचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर पानांचं क्षेत्रफळ आणि सूर्यप्रकाश यांचा हिशेब मांडून, घरचा कचरा आणि थोडकी जागा यांवर कुटुंब कसं पोसता येईल ते सांगत होते; त्यांचा प्रयोग परिवार आणि ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक जुन्या वाचकांना आठवत असेल. त्यांचीच रीत धरून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. म्हणजे पेंढ्यातली भाजी ही काही साहेबाची जादू नाही. आपल्याकडे हे ज्ञान होतंच, फक्त त्याला चौकोनी आकार नव्हता.

चिपाडांची एक खोड मात्र आहे. त्यांत साखर असते. ताजी आणून गठ्ठा बांधला तर दुसऱ्या दिवशी मुंग्या, तिसऱ्या दिवशी माश्या आणि चौथ्या दिवशी शेजारी हजर होतात. आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, पाणी ओतून द्या, मग कडक उन्हात चांगली खडखडीत वाळवा. आल्याचे आणि लिंबाच्या सालींचे तुकडे आपोआप मिळतात, ते कुजायला हरकत नाही.

आता बांधणी. लाकडी खोकं किंवा भिंतीच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या दोन फळ्या, साधारण तीन फूट लांब, दीड फूट रुंद. तळाला दोरीचे दोन-तीन पट्टे आडवे टाका, दोन्ही टोकं बाहेर. त्यावर पेंढा थराथरानं घाला आणि प्रत्येक थर पायानं तुडवा. घरातल्या मुलांना हे काम द्या, ती आनंदानं करतात. सव्वा फूट उंची झाली की दोऱ्या ओढून करकचून गाठ. सुतळी वापरू नका, ती पेंढ्याबरोबरच कुजते आणि टोमॅटो भरात असताना गठ्ठा पोट फुटून पसरतो. नायलॉनची दोरी घ्या. बांधलेला गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला तर मध्ये वाकता कामा नये. बांधताना तोंडाला फडकं हवंच. काळ्या पेंढ्यातून बुरशीची धूळ उडते. घरात कुणाला दमा असेल तर त्याला त्या दिवशी गच्चीवर येऊ देऊ नका.

पहिलं भिजवणं कंटाळवाणं असतं. भाताच्या पेंढ्याच्या काडीवर मेणचट थर असतो, पाणी वरून घसरून जातं. नळ जोरात सोडून फायदा नाही. झारीनं थोडं थोडं, तासातासानं, दिवसभर. दुसऱ्या दिवशी गठ्ठा एका बाजूनं उचलून बघा. काल एका हातानं हलणारा गठ्ठा आज दोन माणसांनाही जड झाला पाहिजे.

आणि आता मुख्य गोष्ट, जी घाईत सगळे वगळतात. भिजलेल्या कोऱ्या पेंढ्यात रोप लावलं तर ते पिवळं पडून मरतं. पेंढा म्हणजे जवळजवळ सगळा कर्ब. ऐंशी भाग कर्बामागे नत्र जेमतेम एक भाग. तो कुजवणाऱ्या जिवाणूंना वाढायला नत्र लागतं आणि ते मिळालं नाही तर रोपाच्या मुळाशी जे असेल ते ओढून घेतात. म्हणून आधी जिवाणूंचं पोट भरायचं, रोपाचं नंतर. किती भरायचं याचा हिशेब आपल्या शेतकऱ्यांना पाठ आहे. पाचट कुजवण्याची शिफारस सांगते : एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन. हाच हिशेब घरी लावा. घरी बांधलेला गठ्ठा कोरडा असताना साधारण १५ किलोचा भरतो. म्हणजे युरिया १२० ग्रॅम, सुपर फॉस्फेट १५० ग्रॅम, आणि संवर्धनाऐवजी दोन मुठी जुनं कंपोस्ट किंवा शेणकाला. युरिया एकदम ओतू नका. पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी लहानशी मूठभर वरून पसरा आणि झारीनं आत मुरवा. मधल्या दिवशी नुसतं पाणी. अमेरिकन व्हिडिओत याच्या तिप्पट युरिया टाकतात. तो यंत्रानं ठासलेल्या, मोठ्या गठ्ठ्याचा हिशेब आहे, आपल्या गच्चीवर तो निम्मा गटारात वाहून जाईल.

युरिया नको असेल तर पेंड घ्या. शेंगदाणा पेंडीत नत्र सुमारे सात टक्के, त्यामुळे तेवढ्याच कामाला ८०० ग्रॅम लागते. पण ओली शेंगदाणा पेंड दोन दिवसांत असा वास सोडते, की आख्ख्या चाळीला कळतं, आणि खडकी बाजाराजवळच्या घुशी-उंदरांना तर आमंत्रणच. निंबोळी पेंड सव्वा किलोच्या आसपास घाला, ती बरी. वेळ मात्र आठवडाभर जास्त लागतो. नुसत्या जीवामृतावर भरवसा ठेवू नका. त्यातून जिवाणू मिळतात, नत्र फारसं नाही, आणि इथे तुटवडा नत्राचाच आहे.

चौथ्या-पाचव्या दिवशी गठ्ठ्याच्या मध्यात बोटं खुपसून बघा. आत चटका बसतो. घट्ट गठ्ठ्याचं तापमान ५०-६० अंशांवर जातं. सकाळी लवकर गेलात, तर फटीतून वाफ निघताना दिसते, आणि नाकाला अमोनियाचा तिखट वास लागतो. आंब्याची अढी घातलेली घरं ओळखतील, हीच ती ऊब, फक्त कैकपट जोरात. अशा वेळी रोप लावलं तर मुळं शिजतील. दहा-बारा दिवसांनी ऊब ओसरते. हात आत ठेवून सुखानं पन्नास आकडे मोजता आले की गठ्ठा तयार. आत काड्या तपकिरी, मऊ, मधूनमधून पांढरट भुकटी. वर एखाद दिवशी काळपट छत्र्या उगवतील. त्या शुभशकुन आहेत, पण खायच्या नाहीत. गठ्ठ्याऐवजी गोणीत पेंढा भरला असेल तर एवढी ऊब चढतच नाही, लहान ढीग उष्णता धरून ठेवत नाही. तिथे महिनाभर थांबा.

लावणी सोपी. खुरप्याचं टोक घालून काड्या दोन्हीकडे फाकवायच्या, ओंजळभर कंपोस्ट आत सोडायचं, नर्सरीतून आणलेलं रोप त्याच्या मातीच्या गोळ्यासकट बसवायचं, काड्या दाबून घ्यायच्या आणि लगेच पाणी. एका गठ्ठ्यावर टोमॅटोची दोन रोपं, तिसरं लावायचा मोह होतोच, टाळा. वांगी दोन, मिरच्या चार. बाजूच्या उभ्या अंगात पुदिना खोचून द्या, तो कुणाचं ऐकत नाही. मेथी-कोथिंबिरीसाठी वर दोन इंच मातीमिश्रित कंपोस्ट पसरावं लागतं, बी पेंढ्यात थेट टाकलं तर खोल घसरतं. मुळा-गाजराच्या नादी लागू नका, वाकडी निघतात. मका तर नकोच, गठ्ठ्यासकट कलंडतो.

पुढे पंधरा दिवसांतून एकदा शेणकाला किंवा पेंडीचं पातळ पाणी. पेंढ्यात पालाश बऱ्यापैकी असतं, नत्र-स्फुरद देत राहावं लागतं. खालची पानं पिवळी पडू लागली की नत्र कमी पडतंय. टोमॅटोचं बूड काळं पडलं तर औषध आणायला धावू नका, बहुधा पाणी अनियमित आहे. गठ्ठा मातीसारखं पाणी साठवत नाही. एप्रिलच्या उन्हात त्याला दिवसाला सात-आठ लिटर लागतात आणि दोन दिवस गावाला गेलात तर खेळ खलास. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं नाही, आणि नदीचं तर मुळीच नाही. मुळेची अवस्था आपल्याला सांगायला नको.

आता जरा कटू बोलतो. गच्चीचा प्रश्न हलका घेऊ नका. १५ किलोचा गठ्ठा पाणी पिऊन ५०-६० किलोचा होतो. तीन फूट बाय दीड फूट जागेवर साठ किलो, म्हणजे एका चौरस मीटरला जवळजवळ १५० किलो. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भारही तेवढाच, १५० किलो. नव्या इमारतीत तुळईच्या आणि भिंतीच्या रेषेवर, एकमेकांपासून लांब ठेवलेले चार-पाच गठ्ठे हे ठीक. पण ओळीनं वीस मांडायचे असतील तर आधी इंजिनिअरला दाखवा. जुन्या चाळीच्या लाकडी मजल्यावर एकही नको. पत्र्यावर नको. तळाला विटा किंवा लाकडी पॅलेट द्या, म्हणजे कोब्यात ओल मुरणार नाही. पहिले पंधरा दिवस गठ्ठ्यातून तपकिरी पाणी गळतं. ते खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर पडलं, की पुढची भाजी शेजाऱ्यांनाच द्यावी लागते. गठ्ठ्याखाली ट्रे ठेवा आणि ते पाणी परत वर ओता.

दुसरी गोष्ट आग. कोरडा पेंढा जिन्यात, मीटरच्या बोर्डाजवळ, गॅस सिलिंडरच्या खोलीत साठवायचा नाही, एक रात्रही नाही. दिवाळीत गच्चीवर रॉकेट पडतात हे सगळ्यांना माहीत आहे. मावळातली भातकापणी ऑक्टोबरअखेर सुरू होते आणि झोडणी होऊन पेंढा मोकळा होईपर्यंत नोव्हेंबर उजाडतो. म्हणून भाऊबीज उरकल्यावरच पेंढा आणा. तसाही तो काळ आपल्या फायद्याचा. नोव्हेंबरच्या मध्यात कुजवायला घातला की डिसेंबरच्या सुरुवातीला रोपं, आणि टोमॅटो, वांगी, कोबीला पुण्याची थंडी मानवते. पावसाळ्यात सुरुवात करायची असेल तर दोडका, घोसाळं, काकडी लावा आणि वरून मिळणाऱ्या पाण्यानं खत धुऊन जातं हे धरून चाला.

ज्यांना पेंढा आणणं जमणारच नाही त्यांनी पानांकडे वळावं. खडकी कँटोन्मेंटमधले जुने वड, पिंपळ, विलायती शिरीष फेब्रुवारीपासून रस्ते भरून पानं टाकतात आणि सकाळी सकाळी त्यांचे ढीग धुमसताना दिसतात. पुण्यात अदिती देवधर यांनी २०१६मध्ये ‘ब्राऊन लीफ’ सुरू केलं ते याचसाठी : ज्याच्याकडे पानं जास्त आहेत आणि ज्याला हवी आहेत, त्यांची गाठ घालून द्यायची, जाळायचं काही नाही. पानांचा गठ्ठा बांधता येत नाही, पण सिमेंटच्या रिकाम्या गोणीत ठासून, खाली भोकं पाडून, वर दिलेल्याच हिशेबानं खुराक देऊन दोन महिन्यांत मिरचीची उत्तम गोणी तयार होते.

पैशाचं विचाराल तर पहिल्या हंगामात भाजीवालीला हरवण्याची स्वप्नं पाहू नका. दोरी, रोपं, पेंड, टेम्पो, सगळं धरलं तर टोमॅटो बाजारापेक्षा महागच पडेल. हिशेब दुसऱ्या वर्षी फिरतो. पाच-सहा महिन्यांत गठ्ठा निम्म्यानं खचतो आणि आत काळंभोर, भुसभुशीत खत शिल्लक राहतं, ज्याच्या पिशव्या नर्सरीत आपण विकत आणतो. बदली झाली तर हेच खत पोत्यात भरून सोबत न्या किंवा शेजारच्या कुंड्यांत वाटा. मागे फरशीवर झाडूचं काम तेवढं उरतं.

एकट्यानं करू नका. एका घरासाठी दोन गठ्ठ्यांचा पेंढा आणणं परवडत नाही. चार-सहा घरं मिळून कामशेत-वडगावकडून एक छोटा टेम्पो आणा. जाण्याआधी शेतकऱ्याला तीन गोष्टी विचारा. हा पेंढा गुरं खातात का? खात असतील तर तो तिथेच राहू द्या. किती पावसाळा लागलेला आहे? जितका जुना आणि काळा तितका आपल्याला बरा. आणि शेवटच्या दोन-तीन महिन्यांत तणनाशक मारलं होतं का? शंका आली तर मूठभर पेंढा भिजवून, चिरून, कंपोस्टात मिसळून एका डब्यात वालाचे पाच-सहा दाणे टाका. पंधरा दिवसांत पानं सरळ उघडली तर बिनघोर बांधा. गुंडाळली, आखडली तर तो पेंढा भाजीला नको. एक-दोन पावसाळे उघड्यावर पडू द्या आणि मग फुलझाडांच्या बुडाशी घाला.